हृदयाच्या गोळ्या: काउंटरवर आणि फोनवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला एकवीस वर्षं झाली. माणसं चिठ्ठी पुढे करतात, गोळ्या घेतात, पैसे देतात आणि निघताना, अगदी पायरीवरून मागे वळून, खरा प्रश्न विचारतात. तेव्हा मागे रांग असते, म्हणून मग रात्री तोच प्रश्न फोनवर येतो. असे प्रश्न मी वहीत टिपत गेले. त्यातले हृदयाच्या औषधांबद्दलचे इथे एकत्र केले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण यातल्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: गोळीने काहीतरी त्रास होतोय आणि ती घरच्यांना न सांगता बंद करायचा विचार चाललाय. बंद करण्याआधी विचारा. जवळजवळ प्रत्येक त्रासाला दुसरी वाट असते.

१. बाबांना एकदम सहा गोळ्या दिल्यात. कोणती कशासाठी, हे ओळखायचं कसं?

कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. त्या नावाचं शेपूट बरंच सांगून जातं. शेवटी ‘प्रिल’ (रामिप्रिल, एनालाप्रिल) किंवा ‘सार्टन’ (टेल्मिसार्टन, लोसार्टन) असेल, तर ती रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवणारी आणि हृदयावरचा भार कमी करणारी गोळी. ‘लॉल’ (मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल) म्हणजे नाडी आणि हृदयाचा जोर मंदावणारी. ‘डिपिन’ (ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन) हीसुद्धा बीपीचीच, पण काम करण्याची रीत वेगळी. ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलसाठी. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल गुठळी होऊ नये म्हणून. फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळ्या.

एक कळकळीची विनंती आहे. पट्टी कापून चार-चार गोळ्या घेऊ नका. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर, आणि घरी डब्यात निनावी चांदीचे तुकडे जमतात. दवाखान्यात दाखल करायची वेळ आली की ‘एक पांढरी, एक गुलाबी’ एवढंच सांगता येतं. पूर्ण पट्टी घ्या आणि प्रत्येक पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

२. बीपी आता १२०/८० येतंय. मग गोळी कशाला चालू ठेवायची?

ते १२०/८० गोळीमुळे येतंय. ॲम्लोडिपिनचा अंमल शरीरात बराच रेंगाळतो. बंद केल्यावर दोन-तीन दिवस बीपी चांगलंच दिसतं, त्यामुळे ‘बघा, काही फरक पडला नाही’ असं वाटतं, आणि आठवड्याभरात आकडा परत चढतो. वजन कमी झालं, मीठ सुटलं, व्यायाम जमला की काहींचा डोस खरंच कमी होतो. तो कमी करायचा असतो घरी मोजलेल्या बीपीची वही डॉक्टरांना दाखवून.

३. इकोस्प्रिनने रक्त पातळ होतं म्हणजे नेमकं काय होतं? मला काही आजार नाही, खबरदारी म्हणून घेऊ का?

इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. तिने रक्त पाण्यासारखं होत नाही. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. हृदयाच्या नळीतला चरबीचा थर फुटला की त्याही जागेला त्या जखमच समजतात आणि तिथे गुठळी धरते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा असाच येतो. ॲस्पिरिन प्लेटलेटची ही चिकटण्याची ताकद कायमची काढून घेतं. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, म्हणून गोळी थांबवली तरी परिणाम तेवढे दिवस उरतो. या कामाला ७५ मिलिग्रॅमचा छोटा डोस पुरतो.

ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे किंवा बायपास झालंय, त्यांना याचा मोठा फायदा आहे. पण धडधाकट माणसाने, विशेषतः साठीनंतर, शेजाऱ्याचं बघून सुरू करू नये. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका तिथे फायद्याला खाऊन टाकतो. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, त्या चालू असतील तर तेही सांगा.

४. स्टेंट टाकून चार महिने झाले. दाढ काढायची आहे, तर रक्ताच्या गोळ्या आठवडाभर बंद करू का?

नाही. स्वतःहून मुळीच नाही. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर आतल्या अस्तराचा पातळ थर चढेपर्यंत रक्ताला ती परकीच वाटते. त्या काळात दोन गोळ्या लागतात, ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. अटॅकनंतर साधारण वर्षभर, इतर वेळी बहुधा सहा महिने. नेमकी मुदत तुमचे हृदयाचे डॉक्टर सांगतील. मधेच थांबवलं तर स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो, आणि तो मोठा अटॅक असतो. दाढेतलं रक्त कापसाचा बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. दातांच्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख सांगा आणि दोन्ही डॉक्टरांचं आपसांत बोलणं करून द्या.

अजून दोन बारकावे. क्लोपिडोग्रेल चालू असताना ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेऊ नका, त्यांनी क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो. पॅन्टोप्राझोल चालतं. आणि टिकाग्रेलॉर सुरू झाल्यावर काहींना बसल्याबसल्या दम लागल्यासारखं होतं. हा त्या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे, बहुधा सौम्य असतो. तरी डॉक्टरांना सांगा, कारण दम हृदयामुळेही लागतो आणि दोन्हींतला फरक घरी कळत नाही.

५. मेटोप्रोलॉल सुरू झाल्यापासून नाडी ५४ येते आणि अंगात त्राण नसल्यासारखं वाटतं. हे बरोबर आहे का?

नाडी खाली आणणं हेच तिचं काम आहे. ॲड्रिनलिन हृदयाला टाच मारत असतं, आणि ही गोळी ती टाच हृदयापर्यंत पोचू देत नाही. हृदय सावकाश चालतं, त्याला प्राणवायू कमी लागतो, म्हणून छातीतली कळ कमी होते. या गटातलं पहिलं गाजलेलं औषध प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधलं. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

चक्कर, अंधारी नसेल तर ५०-६० नाडीला घाबरू नका. पन्नासच्या खाली जात असेल किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधार येत असेल, तर लगेच फोन करा. थकवा पहिले काही आठवडे जास्त जाणवतो, मग बहुतेकांचा ओसरतो. हातपाय गार पडणं, विचित्र स्वप्नं हेही होतं. नाही सोसलं तर डोस किंवा गोळी बदलता येते.

पण ही गोळी एकाएकी सोडायची नसते. दाबून धरलेली स्प्रिंग सोडल्यासारखं होतं: नाडी उसळते, बीपी चढतं, आणि ज्यांच्या नळ्या अरुंद आहेत त्यांना त्यातून अटॅकही येऊ शकतो. गावाला निघताना हीच पट्टी आधी पिशवीत टाका. दमा असेल तर सुरू करण्याआधी सांगा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर एवढं लक्षात ठेवा की शुगर उतरल्यावर होणारी थरथर आणि धडधड या गोळीमुळे झाकली जाते. घाम मात्र फुटतो. विनाकारण घाम आला की शुगर तपासा.

६. रामिप्रिल सुरू झाल्यापासून कोरडा खोकला जात नाही. कफ सिरपने बरा होईल का?

होणार नाही. हे मी स्वतःच्या घरात शिकले. माझे सासरे रात्री उठून बसायचे. घशात काहीतरी अडकल्यासारखा ठसका, कफाचा थेंब नाही. खोकल्याच्या तीन बाटल्या झाल्या, आणि तिसरी मीच दुकानातून नेली होती. चौथ्या वेळी त्यांच्या चिठ्ठीकडे नीट पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी रामिप्रिल सुरू झालं होतं. माझ्यासारखीला हे आधी दिसायला हवं होतं. तेव्हापासून कुणी कोरड्या खोकल्याचं सिरप मागितलं की मी पहिल्यांदा ‘बीपीची गोळी कोणती चालू आहे?’ असं विचारते.

रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ज्या एन्झाइमला अडवतात, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडतं. ते मोडलं गेलं नाही की फुप्फुसाच्या नळ्यांत साचतं आणि घसा खवखवतो. साधारण दहातल्या एकाला हे होतं, बायकांना जास्त. खोकला धोक्याचा नाही, पण झोप खातो. डॉक्टर बहुधा ‘सार्टन’ गटातली गोळी देतात. तिच्यात हा त्रास क्वचितच होतो. गोळी बदलल्यावर खोकला जायला एक ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. लगेच थांबला नाही म्हणून निराश होऊ नका.

याच गटाचा एक दुर्मीळ पण गंभीर परिणाम आहे: ओठ, जीभ किंवा चेहरा एकाएकी सुजणं. गोळी वर्षानुवर्षं सुखाने घेतल्यावरही तो होऊ शकतो. इथे मात्र पुढची गोळी घ्यायची नाही आणि फोनवर विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ज्यांना असं एकदा झालंय त्यांनी ‘प्रिल’ची गोळी पुन्हा कधीच घेऊ नये, आणि कमजोर हृदयासाठी देतात ती सॅक्युबिट्रिल असलेली गोळीही नाही. एरवीही रामिप्रिलवरून सॅक्युबिट्रिलवर जाताना मधे ३६ तास जाऊ द्यावे लागतात. घरात उरलेली जुनी पट्टी ‘वाया का घालवायची’ म्हणून नव्या गोळीसोबत संपवू नका.

७. आईच्या घोट्यांना सूज येते. किडनी खराब झाली का?

आधी ॲम्लोडिपिन चालू आहे का ते पाहा. एक आजी दुकानात यायच्या. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतून लाल वळ उठलेला असायचा, सकाळी पाय पुन्हा हलके. लघवीची तपासणी चांगली, किडनी चांगली. ॲम्लोडिपिन पायाकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं, पण परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, म्हणून पाणी घोट्याशी झिरपतं. दहा मिलिग्रॅमला जास्त, पाचला कमी.

या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही, कारण अंगात पाणी वाढलेलंच नसतं. तरी एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी चढलेल्या चिठ्ठ्या मी कितीतरी पाहते. डोस निम्मा करणं, जोडीला ‘सार्टन’ देणं किंवा सिल्निडिपिनवर जाणं हे उपाय असतात. आजींचा डोस डॉक्टरांनी कमी केला आणि तीन आठवड्यांत पट्ट्याचा वळ गेला.

पण सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल किंवा तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं असेल, तर हे उत्तर विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

८. लघवीच्या गोळीमुळे प्रवास करता येत नाही. ज्या दिवशी बाहेर जायचं त्या दिवशी टाळली तर?

हा प्रश्न आषाढाच्या तोंडावर दरवर्षी येतो. वारीला निघालेल्या मावश्या विचारतात, कारण वाटेत आडोसा नसतो. त्यांची अडचण खरी आहे, कुणी हसण्यावारी नेऊ नये.

फ्युरोसेमाइडचा जोर तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तासांत संपतो. म्हणून ही गोळी टाळण्यापेक्षा तिची वेळ सरकवता येते: मुक्कामाला पोचल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला घेतली तर रात्रीची झोपही फारशी मोडत नाही. चालण्याने घाम खूप जातो, त्यामुळे त्या दिवसांपुरता डोस कमी करावा लागू शकतो. निघण्याआधी आठवडाभर डॉक्टरांना विचारून हे ठरवून घ्या. हृदय कमजोर असलेल्याने चार-पाच दिवस गोळी सोडली तर पाणी फुप्फुसात साचतं, आणि रात्री उशा रचून बसावं लागतं.

पायात गोळे येणं हे पोटॅशियम किंवा सोडियम उतरल्याचं लक्षण असू शकतं. केळी खाऊन अंदाज बांधू नका, रक्त तपासा. स्पायरोनोलॅक्टोन ही याच कुळातली, पण उलट्या स्वभावाची गोळी. ती पोटॅशियम राखून ठेवते. पुरुषांना तिच्यामुळे छातीला गाठ येऊन दुखू शकतं. लाजेने हे कुणी सांगत नाही. सांगा, पर्यायी गोळी आहे.

९. साधं मीठ बंद करून सैंधव किंवा ‘लो सोडियम’ मीठ चालेल का? आणि रोज नारळपाणी?

सैंधव हे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. उपवासाला चालतं, म्हणून हृदयाला चालतं असं नाही. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. धडधाकट माणसाला ते चांगलं आहे. पण रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या अंगात पोटॅशियम आधीच साठत असतं. त्यावर हे मीठ आणि रोज दोन शहाळी आली, त्यात किडनी थोडी कमजोर असली, की पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. या गोळ्या चालू असतील तर ते मीठ आणि रोजचं नारळपाणी विचारल्याशिवाय नको.

पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, दिवसाला पुरे. लोणचं, पापड आणि खारे शेंगदाणे त्यातच धरायचे. आम्लपित्तावरच्या फसफसणाऱ्या पुडीतही सोडियम भरपूर असतं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

१०. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू गळतात, शुगर होते, स्मरण जातं असं ऐकलं. खरं काय?

सगळ्यात जास्त भीती याच गोळीची, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुपचूप बंद होणारी गोळीही हीच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतात बनतं. स्टॅटिन ते बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, मग यकृत गरजेपोटी रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत या गटातल्या लोव्हास्टॅटिनला मंजुरी मिळाली. स्टॅटिन नळीतला चरबीचा थर घट्ट करतं, तो फुटू देत नाही. म्हणूनच अटॅकनंतर कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असलं तरी ही गोळी देतात.

स्नायू दुखतात, काहींचे खरंच दुखतात. पण लंडनमध्ये झालेला एक प्रयोग मी प्रत्येकाला सांगते. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून पालटून महिन्याच्या बाटल्या दिल्या: काहींत स्टॅटिन, काहींत तशीच दिसणारी खोटी गोळी, काही रिकाम्या. कोणत्या महिन्यात खरी गोळी हे त्यांना माहीत नव्हतं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग खोट्या गोळीनेही झाला. लोक खोटं बोलत नव्हते, दुखत होतंच. पण त्या दुखण्याचं कारण बहुतांशी औषध नव्हतं. त्यातल्या निम्म्या जणांनी नंतर गोळी पुन्हा सुरू केली.

तुमचं दुखत असेल तर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगतात. मग डोस कमी करून, गोळी बदलून किंवा एक दिवसाआड देऊन पाहतात. दोन्ही मांड्या-दंड एकदम खूप दुखायला लागले आणि लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जा. हे फार क्वचित घडतं. शुगर किंचित वाढते, आणि ज्यांची आधीच काठावर असते ते काठ ओलांडतात. अटॅक टळण्याचा फायदा त्याहून मोठा आहे. स्मरण जाण्याला पुरावा मिळालेला नाही.

ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, रात्रीच घ्यायला हवं असं नाही.

११. गणपतीत पपनस खायचं नाही का?

परदेशी ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं ॲटोर्व्हास्टॅटिनचं विघटन रोखतात आणि रक्तात त्याचं प्रमाण वाढवतात. पपनस त्याचं जवळचं भावंड, त्यातही ही द्रव्यं कमीजास्त असतात. प्रसादाच्या दोन फोडींनी काही होत नाही, रोज अख्खं फळ किंवा रस नको. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण नाही. मोसंबी, संत्र्याची भीती नको.

१२. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवलं की डोकं फुटेल असं दुखतं. ॲलर्जी आहे का?

नाही, औषध लागू पडल्याची ती खूण आहे. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातलं औषध, नायट्रोग्लिसरीनसारखंच. ते शिरा-धमन्या सैल करतं, हृदयाच्या आणि डोक्याच्याही. नायट्रोग्लिसरीनचा डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना १८९६ मध्ये डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं, आणि त्यांनी त्या योगायोगाबद्दल मित्राला पत्रात लिहिलं होतं.

घेताना बसा. उभ्याने घेऊन बाथरूममध्ये पडलेली माणसं मला माहीत आहेत. गिळू नका, गिळली तर उशीर होतो. पाच मिनिटांत कळ गेली नाही तर १०८ ला फोन करा. रोज घ्यायची लांब असराची नायट्रेटची गोळी सकाळी आठ आणि दुपारी दोन अशी चमत्कारिक वेळेला लिहिलेली असते, त्यात चूक नाही. रात्रभर शरीराला नायट्रेटपासून सुट्टी दिली नाही तर ती लागू पडेनाशी होते.

आणि पुरुषांसाठी: लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही, बीपी जीवघेणं कोसळू शकतं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना खरं सांगा, बायकोला बाहेर थांबायला सांगून का होईना.

१३. छातीत दुखलं की घरी द्यायच्या गोळ्यांचं किट व्हॉट्सॲपवर फिरतंय. ठेवावं का?

त्यातली ॲस्पिरिन उपयोगाची आहे. साधारण ३०० मिलिग्रॅम, चावून. इकोस्प्रिनवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, ती नुसती गिळली तर उशीर होतो. ७५ च्या चार गोळ्या चावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, कुठून रक्त जात असेल, किंवा तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं अशी लक्षणं असतील तर देऊ नका. सॉर्बिट्रेट मात्र ज्याला डॉक्टरांनी आधीच दिलंय त्यालाच. बीपी आधीच पडलेलं असेल तर त्याने माणूस बेशुद्ध होतो. आधी १०८, मग गोळी. किट दिल्यावर ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणून थांबणं हा त्यातला सगळ्यात मोठा धोका.

१४. झडप बदलली आहे, ॲसिट्रोम चालू आहे. पालेभाजी कायमची बंद का?

बंद नाही, सारखी. ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारं औषध ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतं, आणि हे जीवनसत्त्व पालक, मेथी, शेपू, माठात भरपूर असतं. महिनाभर भाजी टाळून श्रावणात रोज खाल्ली की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा आकडा) खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते. आठवड्यात दोनदा खात असाल तर दोनदाच खा, डोस त्याला जुळवून दिला जातो.

वॉर्फरिनची मुळं गुरांच्या गोठ्यात आहेत. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गाई रक्त वाहून मरू लागल्या. त्यातल्या द्रव्याच्या शोधातून पुढे वॉर्फरिन आलं, १९४८ मध्ये उंदराचं विष म्हणून आणि १९५४ पासून माणसांसाठी. इतकं धारदार औषध आहे, म्हणून आयएनआर चुकवू नका. साधारण २ ते ३, धातूच्या मायट्रल झडपेला २.५ ते ३.५ ठेवतात. मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमॉक्साझोलसारखं जुलाबाचं-संसर्गाचं औषध सुरू झालं की तो झपाट्याने चढतो.

‘तपासणी न लागणारी नवी गोळी’ म्हणजे अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान. धातूच्या झडपेला या चालत नाहीत. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांनाही वॉर्फरिनच चांगलं ठरलंय. रिव्हरॉक्साबॅनची १५ आणि २० ची गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती पुरती शोषली जात नाही.

१५. डिजॉक्सिनला शनिवार-रविवार सुट्टी का?

अनियमित ठोके आणि कमजोर हृदय यांसाठी दिली जाणारी ही गोळी शरीरातून हळू जाते आणि तिचा उपयोगाचा डोस व घातक डोस यांत अंतर थोडं आहे. म्हणून आपल्याकडे आठवड्यात पाच दिवस द्यायची जुनी रीत आहे. तुमच्या चिठ्ठीवर सातही दिवस लिहिलं असेल तर सातही दिवस घ्या. भूक मेली, मळमळ सुरू झाली, वस्तू पिवळसर दिसू लागल्या, नाडी फार मंदावली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. म्हाताऱ्या माणसांत ‘जेवत नाहीत’ एवढीच खूण असते.

१६. मला डायबेटिस नाही, तरी शुगरची गोळी दिली. चूक झाली का?

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर चूक नाही. लघवीतून साखर आणि मीठ बाहेर टाकणारी ही औषधं कमजोर हृदयालाही बळ देतात, हे गेल्या दहा वर्षांत सिद्ध झालंय. साखर जाते त्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवा, आणि झालंच तर मलमाने बरं होतं. कडक उपवासाच्या दिवसांत, नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहणार असाल तर, आणि ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ती थांबवावी लागते, विशेषतः डायबेटिस असलेल्यांनी. नाहीतर रक्तात आम्ल साचतं. ते कसं, कधी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

१७. गुडघे दुखतात, सर्दी होते. कोणतं औषध चालतं?

पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांच्या जोडगोळ्या अंगात पाणी साठवतात, बीपी चढवतात, किडनीवर ताण आणतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन असतं, तेही बीपी चढवतं. आमच्याकडे या गोळ्या मागताना ‘हृदयाचं औषध चालू आहे’ एवढे चार शब्द बोला.

१८. अर्जुनाची साल घेतो. मग इंग्रजी गोळ्या कमी करू का?

कमी करू नका. अर्जुनारिष्ट घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. साल घेऊन स्टेंटची गोळी सोडलेल्या माणसाचं काय होऊ शकतं ते चौथ्या उत्तरात आहे.

१९. गोळी विसरली तर?

दिवसातून एकदाची असेल आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. ॲसिट्रोमची विसरलेली तारीख वहीत लिहा, पुढचा आयएनआर वाचताना ती लागते.

२०. दिवस राहिलेत आणि बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे.

आजच डॉक्टरांना फोन करा. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गर्भाच्या किडनीला अपाय करतात, स्टॅटिनही बहुधा थांबवतात. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा असे पर्याय आहेत. धातूची झडप असलेल्या बाईने मात्र ॲसिट्रोम घाबरून बंद करू नये. तिथे दोन्हीकडे धोका असतो, आणि निर्णय खरं तर दिवस राहण्याआधीच व्हायला हवा.

२१. जुलाब-उलट्या सुरू आहेत. तरी सगळ्या गोळ्या घ्यायच्या का?

‘कधीच बंद करू नका’ या नियमाला हा अपवाद आहे. पाणी झपाट्याने जात असताना लघवीची गोळी, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन किडनीला अडचणीत आणू शकतात किंवा रक्तात आम्ल साचवू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून यातल्या कोणत्या एक-दोन दिवस थांबवायच्या ते विचारा. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या, मेटोप्रोलॉल आणि स्टॅटिन त्यांनी सांगितल्याशिवाय थांबवू नका. खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर साधारण २४ ते ४८ तासांत थांबवलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या असतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं. थांबवतानाच सुरू करायची तारीख पट्टीवर पेनाने लिहून ठेवा.